डाव्या खांद्याचा दस्ता

माझ्या नणंदेला गर्व आहे, आणि तो तिला शोभतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हे म्हटलं नसतं. तेव्हा वाटायचं, ही बाई स्वतःच्या हातचा चहासुद्धा ‘जमून आलाय’ म्हणत पिते, हिच्यापुढे आपला निभाव कसा लागायचा. पण इतकी वर्षं एका छताखाली काढल्यावर कळलं, की ताई उगाच फुशारकी मारत नाहीत. जमलं तर जमलं म्हणतात, फसलं तर फसलं म्हणतात. त्यांचं जमतं जास्त, एवढंच.

ताई कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, ते माप ताईंकडे येतं, आणि ताई त्यावरून दात घडवून परत पाठवतात. ज्याच्या तोंडात ते दात जायचे, तो माणूस त्यांनी कधी पाहिलेलाही नसतो. “तोंड न बघता तोंडात बसवते मी,” असं त्या पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुणा हसला की त्याच्या दातांकडे बारकाईने बघून घेतात.

आमच्या घराच्या मागे गाडी ठेवायची खोली आहे. गाडी कधी आलीच नाही, त्यामुळे ती खोली ताईंची झाली. एका भिंतीला प्लास्टरची पोती, मेणाच्या वड्या, कवळ्या घासायचं यंत्र. समोरच्या भिंतीला त्यांचा छंद. जाड लाकडी टेबल, त्याला पक्का बसवलेला शिकंजा, शिकंज्याच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे चिकटवलेले, म्हणजे धरलेल्या वस्तूला ओरखडा नको. वर रंधे, पटाश्या, कानशी टांगलेल्या. प्रत्येक हत्याराची आकृती भिंतीवर पेन्सिलीने काढलेली, त्यामुळे काय जागेवर नाही ते दारातूनच दिसतं. मी एकदा बरणीचं झाकण उचकटायला त्यांचा एक पेचकस नेला होता. संध्याकाळी ताईंनी त्या रिकाम्या आकृतीकडे बघत एवढंच विचारलं, “बरणी उघडली का?” पुन्हा मी त्या वाटेला गेले नाही.

छंद म्हणजे रायफली. तरुणपणी ताई गावातल्या नेमबाजी क्लबकडून खेळायच्या. पुढे खेळणं सुटलं, देखभाल सुटली नाही. रायफली क्लबच्या कुलूपबंद खोलीतच राहतात, घरी आणायची परवानगी नाही. म्हणून सुट्टीच्या सकाळी ताई आपला डबा घेऊन तिथे जातात. डब्यात नळी पुसायची दांडी, सुती कापडाचे तुकडे, ब्रश, तेलाची बारकी बाटली आणि स्वतः घासून बनवलेले पेचकस. प्रत्येक पेचाच्या खाचेला बरोबर बसणारा वेगळा. “खाचेत पेचकस हलला की पेच मेला,” असं त्या म्हणतात. दांडी नळीत नेहमी मागून घालायची, पुढच्या तोंडातून कधीही नाही, कारण ते तोंड झिजलं की गोळी भरकटते. आणि तेल लावायचं ते पुसून काढण्यासाठी. “तेल दिसलं म्हणजे जास्त झालं.” हे सगळं मला पाठ आहे. मी आयुष्यात रायफलीला हात लावला नव्हता, तरी.

माझी मुलगी मात्र आत्याच्या तालमीत वाढली. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. मोठी झाली, रोपवाटिकेत नोकरीला लागली, तरी मुंगीच राहिली. नेमबाजीत तिचा हात आत्यापेक्षा बरा होता. हे मी म्हणत नाही, ताई म्हणायच्या. “माझ्यापेक्षा बरी” हे शब्द त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल वापरल्याचं मला आठवत नाही.

मग तो फांदीचा फटका बसला. रोपवाटिकेत कुणीतरी एक काटेरी फांदी वाकवून धरली होती, ती हातातून सुटली आणि मुंगीच्या उजव्या डोळ्यावर बसली. जखम चिघळली. डॉक्टरांनी शर्थ केली, डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने तिला माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. आणि मुंगी उजव्या डोळ्याने, उजव्या खांद्यावरून नेम धरायची.

घरात कुणी नेमबाजीचा विषय काढेना. काढला तो मुंगीनेच, जेवता जेवता.

“आत्या, डावा डोळा चांगलाय माझा.”

“माहितेय,” ताई म्हणाल्या. “मी वाटच बघत होते, तू कधी म्हणतेस त्याची.”

माझ्या नवऱ्याने घास खाली ठेवला. हे बेकरीत काम करतात, पहाटे उठून पाव भाजतात, दिवसभर कुणाशी वाकडं बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पार उतरला. “ताई, एक गेला. दुसरा तरी जपू दे तिला.”

“गेला कुठे, आहे की. आणि दुसऱ्याला काय होणारेय? त्या रायफलीचा धक्का दार लोटल्याएवढा असतो.”

“मला धक्क्याचं सांगू नकोस. मी काय म्हणतोय ते तुला कळतंय.”

ताईंना कळत होतं. पण त्यांनी पानाकडे बघितलं आणि बोलल्या मुंगीशी. “क्लबमधले सगळे दस्ते उजव्या खांद्याचे आहेत. गाल टेकायचा उंचवटा उजव्यांसाठी, मुठीचा वळसा उजव्यांसाठी. डाव्या बाजूने धरलीस तर मान वाकडी होईल आणि नेमही. तुला डाव्या खांद्याचा दस्ता लागेल.”

“कुठे मिळेल?”

“मिळायला कशाला पाहिजे? मी बनवणार.”

ह्यांनी पुढचा घास न घेताच हात धुतले.

दस्ता म्हणजे रायफलीचं लाकडी अंग. नळी आणि गोळी झाडायचं यंत्र त्यात बसतं, तो खांद्याला टेकतो, त्यावर गाल ठेवतात. लाकडात यंत्राची खोबण अशी कोरावी लागते की कुठे केसभरही हलता कामा नये. त्यासाठी यंत्र सतत जवळ पाहिजे, खोबणीत घालून बघायला. आणि यंत्र तर क्लबच्या कुलपात. क्लबच्या खोलीचे राखणदार आहेत, उंच, सडपातळ, बोलायला कंजूष. काहीही विचारलं तर ‘बघू’ म्हणतात, म्हणून सगळे त्यांना बघूकाका म्हणतात. ताईंनी त्यांना विचारलं, रायफल उघडून यंत्राचा ठसा घेऊ का?

“कशाचा ठसा?”

“दातांचा घेतात तसा.”

बघूकाकांनी किल्ल्यांचा जुडगा चाचपला. मग म्हणाले, “माझ्यासमोर घ्यायचा. बघू.”

त्या सकाळी मीही गेले होते, कारण मला राहवेना. बघूकाकांनी रायफल रिकामी आहे ना ते स्वतः तपासलं, ताईंना तपासायला लावलं, मग पेच सोडवून यंत्र आणि नळी वेगळी केली. ताईंनी सगळी भोकं मेणाने बुजवली, वरून तेलाचा पुसट हात फिरवला, आणि तो रबरासारखा गुलाबी गोळा मळायला घेतला. डॉक्टर आपल्या तोंडात कोंबतात तोच, फक्त इथे परातभर. यंत्र त्यात अर्धं बुडवलं, तो घट्ट झाल्यावर उरलेलं अर्धं दुसऱ्या गोळ्यात. सोडवलं तेव्हा आत पेचाच्या डोक्यावरची बारीक खाचसुद्धा उमटली होती. बघूकाकांनी खिशातून चष्मा काढला, ठशात डोकावले, चष्मा परत ठेवला.

“स्वच्छ आलाय,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बघू’ऐवजी कौतुक ऐकून मला धन्य वाटलं.

घरी येऊन ताईंनी ठशात कडक प्लास्टर ओतलं, मध्ये लोखंडी सळई घातली, म्हणजे मोडायला नको. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पांढरंशुभ्र यंत्र उभं होतं. कुणाच्या परवान्याची गरज नसलेलं, गोळी न झाडणारं, पण मापाला तंतोतंत.

लाकडासाठी ताईंनी जुन्या कपाटाची जाड फळी काढली. कपाट त्यांच्या आईचं होतं आणि लाकूड देखणं, गडद, आत सोनेरी लाटा असलेलं. मग करवत, मग रंधा, मग पटाशी. खोबण कोरण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. दातांचे डॉक्टर निळा कागद चावायला देतात ना, कवळी कुठे टोचते ते बघायला? तोच कागद ताई खोबणीत ठेवायच्या, वरून प्लास्टरचं यंत्र दाबायच्या, उचलायच्या. जिथे निळा डाग, तिथे लाकूड उंच. तेवढंच खरवडायचं. पुन्हा कागद, पुन्हा दाब, पुन्हा खरवड. सुरुवातीला दोन-चार ठिपके. मग अधिक. शेवटी सगळी खोबण सारखी निळी झाली आणि ताईंनी मला हाक मारून दाखवली. “ही बघ. एवढं तर खरे दातसुद्धा हिरडीत बसत नाहीत.”

मुंगीच्या गालाचं माप मेणाच्या पट्टीवर घेतलं, मुठीचं मेणाच्या गोळ्यावर. दस्ता तयार झाला तेव्हा घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो बघावा लागला. दूधवाल्यालासुद्धा. “कशाला हवी दुकानातली वस्तू,” ताई म्हणायच्या, आणि दूधवाला मान डोलवायचा, कारण न डोलवून सुटका नव्हती.

क्लबमध्ये बघूकाकांनी तो हातात घेतला. वरून खाली बघितला. मुठीपाशी, जिथे दस्ता सगळ्यात बारीक होतो, तिथे त्यांचं बोट थांबलं.

“लाकडाच्या रेषा इथे आडव्या जातायत.”

“जाऊ देत. माझी कवळी आजवर मोडली नाही.”

“बघू,” बघूकाका म्हणाले.

खरं यंत्र त्यात घट्ट बसलं, पेच आवळले. मुंगीने पहिल्यांदाच डाव्या खांद्याला रायफल लावली, गाल टेकला, आणि तिची मान सरळ राहिली. त्या दिवशी नुसतंच उभं राहायचं, नेम धरायचा, गोळी घालायची नाही असं ठरलं होतं. बराच वेळ ती तशी उभी होती. दमली तेव्हा रायफल स्टँडवर ठेवायला गेली. उजव्या हाताची सवय अजून सुटली नव्हती, डावा हात चुकला, दस्त्याचं टोक जमिनीवर आपटलं. फार जोरात नाही. पण मुठीपाशी काडकन आवाज झाला आणि दस्त्याचे दोन तुकडे झाले. रायफलीला काही झालं नाही, बघूकाकांनी ती वरच्यावर झेलली होती.

मुंगी पांढरी पडली. “आत्या, माझ्यामुळे झालं.”

ताई वाकल्या, तुकडे उचलले, मोडलेली कड उजेडाकडे धरली. “तुझ्यामुळे नाही. रेषा आडव्या होत्या. काकांनी सांगितलं होतं.” मग बघूकाकांकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही जरा मोठ्याने सांगायला हवं होतं.”

“मोठ्याने सांगून ऐकलं असतं का?”

“नाही,” ताई म्हणाल्या.

घरी ह्यांना कळलं तेव्हा त्यांनी ‘मी म्हणत नव्हतो?’ असं म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते मुंगीच्या ताटात वाढत राहिले.

ताईंनी दोन्ही तुकडे मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवले, दारातून शिरल्या शिरल्या दिसतील असे. आणि काही दिवस त्यांनी लाकडाला हात लावला नाही. कवळ्या करत होत्या, पण दूधवाला परत जाताना दारात रेंगाळायचा, आज काही दाखवत का नाहीत म्हणून.

त्याच दिवसांत घरात दुसरंच काही चाललं होतं. मुंगी सगळं डाव्या हाताने करायला लागली होती. कुलूप डाव्या हाताने, दात घासणं डाव्या हाताने, बटणं डाव्या हाताने. रोपवाटिकेतल्या कुंड्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा. तिचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालं होतं. एका सकाळी हे बेकरीतून लवकर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. मुंगी चहा ओतत होती, डाव्या हाताने. कपाबाहेर सांडला. तिने फडक्याने पुसलं, चहा भांड्यात परत घेतला, आणि पुन्हा ओतला. पुन्हा सांडला, थोडा कमी. पुन्हा पुसलं. तिला वाटत होतं कुणी बघत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला थेंबही न सांडता कप भरला, तेव्हा ती स्वतःशीच हसली आणि तोवर निवून पाणी झालेला तो चहा घटाघट प्यायली.

हे आत आले नाहीत. आल्या पावली परत गेले.

दुपारी बेकरीची गाडी आमच्या दारात उभी राहिली. हे आणि गाडीवाला, दोघांनी मिळून लांब, जाड फळ्या उतरवून मागच्या खोलीत नेल्या. मी मागोमाग गेले. ताई यंत्रावर कवळी घासत होत्या, त्यांनी मान वर केली.

“हे काय?”

“कणीक मळायच्या टेबलाच्या फळ्या,” हे म्हणाले. “नवीन पत्र्याचं टेबल आलंय. ह्या भट्टीत जाणार होत्या.”

ताईंनी एका फळीवरून हात फिरवला. वर्षानुवर्षं हातांनी, कणकेने, खरवडण्याने ती गुळगुळीत झाली होती. फटींमध्ये पीठ होतं. ताईंनी कड बघितली, रेषा बघितल्या, फळी बोटांनी वाजवून कान लावला.

“कडक आहे. आणि सुकलंय किती छान. ह्यात ओल शोधून सापडणार नाही.”

“भट्टीशेजारीच होतं इतकी वर्षं.”

“दादा, पण तुला तर नको होतं हे.”

ताई मोठ्या, तरी लहानपणापासून भावाला दादाच म्हणतात. हे टेबलाच्या कडेला टेकले. “मला अजूनही नकोय. पण ती करणारच आहे. मग मोडका कशाला, धडका तरी कर.” थोडं थांबून म्हणाले, “आणि ह्या वेळी रेषा उभ्या घे.”

ताईंना राग यायला हवा होता, पण त्या हसल्या. “तुला कुणी सांगितल्या रेषा?”

“लाकडाशेजारी आयुष्य गेलंय माझं. मळताना टेबल कुठून चिरतं ते मला माहीत नसेल तर कुणाला?”

ह्या वेळी ताईंनी एक अखंड ठोकळा घेतला नाही. फळ्यांच्या लांब पट्ट्या काढल्या, सगळ्यांच्या रेषा लांबीच्या दिशेने, आणि त्या एकमेकींना चिकटवून ठोकळा करायचा बेत केला. असा ठोकळा मोडायला महाकठीण असतो. फक्त डिंक सगळीकडे सारखा लागायला हवा आणि सुकायच्या आत सगळ्या पट्ट्या एका दमात आवळायला हव्यात. त्याला दोन माणसं लागतात. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी बाह्या वर केल्या. डिंक पसरण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पावाला लोणी लावावं तसा एकसारखा थर, ना कमी ना जास्त. ताई शिकंजे आवळत होत्या आणि ह्यांच्या बोटांकडे तिरक्या नजरेने बघत होत्या.

“शिकवलं असतं तर चांगल्या कवळ्या केल्या असत्यास तू.”

“आणि पाव कुणी भाजले असते?”

“ते मी भाजले असते.”

“मग गाव उपाशी राहिलं असतं,” हे म्हणाले, आणि मी त्या दोघांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकत्र हसताना ऐकलं.

ठोकळा सुकला. पुन्हा करवत, पुन्हा रंधा, पुन्हा निळा कागद. लाकडाला रंधा लागला की खोलीत ताज्या पावासारखा वास सुटायचा, निदान ह्यांना तसं वाटायचं. ह्या वेळी ताईंनी यंत्राखाली खोबणीत राळेचा पातळ थर दिला आणि त्यावर मेण लावलेलं प्लास्टरचं यंत्र बसवलं. राळ सुकून दगड झाली, म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी यंत्राची बैठक ढळायची नाही. नळी मात्र कुठेही लाकडाला शिवू द्यायची नाही. खरी रायफल बसवली त्या दिवशी बघूकाकांनी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी घातली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. कुठेही अडली नाही.

मग त्यांनी मुठीपाशी बोट नेलं. तिथे थांबले. दस्ता दोन्ही हातांनी धरून पीळ दिल्यासारखं केलं.

“आता काही बघायचं राहिलं नाही,” बघूकाका म्हणाले.

ताईंना ते वाक्य कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. आठवडाभर घरात तेच चाललं होतं.

मुंगीचा सराव सुरू झाला. यंत्राचा खटका, म्हणजे नवी गोळी घ्यायला मागेपुढे ओढायचा दांडा, उजव्या बाजूलाच राहिला होता, तो बदलणं ताईंच्या हातात नव्हतं. मुंगीला दर गोळीनंतर मूठ सोडून डावा हात वरून पलीकडे न्यावा लागायचा. सुरुवातीला ते बघून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं, पुढे तिच्या अंगवळणी पडलं. गोळ्या जवळजवळ पडायला लागल्या. पण एका ठिकाणी गाडी अडली. कितीही सराव केला तरी शेवटी शेवटी गोळ्या हळूहळू एका अंगाला सरकायच्या. ताई म्हणाल्या, श्वास चुकतोय. बघूकाका म्हणाले, बघू.

एके दुपारी मी मागच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी घ्यायला गेले. दस्ता तेवढा स्वच्छ करायला घरी आणला होता. मुंगीने तो शिकंज्यात धरला होता आणि गालाच्या उंचवट्यावर खरवडणी चालवत होती. ताईंची खरवडणी. भिंतीवर आकृती रिकामी. जमिनीवर लाकडाचा भुगा.

“अगं, हे काय करतेस? आत्याला विचारलंस?”

“नाही,” ती म्हणाली. “विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं. आणि तिने नाही म्हटल्यावर मला करता आलं नसतं.”

तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग शिकंज्याकडे. एका पेचकसाचं माझ्या बाबतीत काय झालं होतं ते मला आठवत होतं.

“माप बरोबर होतं ते,” ताई म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणजे राग खरा होता. “तुझ्या गालाचं मेणावर घेतलेलं.”

“खुर्चीवर बसून घेतलेलं, आत्या.” मुंगीने खरवडणी खाली ठेवली नाही. “मी उभी राहून नेम धरते. दमले की मान थोडी पुढे जाते, आणि गाल ह्या इथे चढतो. म्हणून गोळ्या सरकतात. मी तीन दिवस आरशासमोर बघितलं. इथली एवढीच कड जास्त आहे.”

ताई पुढे झाल्या. दस्ता शिकंज्यातून काढून तिच्या हातात दिला, उंचवट्यावर निळ्या कागदाचा तुकडा ठेवला. “टेकव गाल. उभी राहून. आता मानेला मुद्दाम पुढे जाऊ दे.”

मुंगीने टेकवला. कागद काढला, तर तिने दाखवलेल्या कडेवर गडद निळी रेघ. आणि गालावरही निळी रेघ. ताईंनी दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं.

मला वाटलं आता खरवडणी त्या स्वतः हातात घेतील. त्यांनी घेतली नाही. दस्ता पुन्हा शिकंज्यात आवळला आणि मुंगीचा कोपर धरून थोडा खाली केला. “एवढा कोपर उचलायचा नाही. लाकडावर रेषेच्या दिशेने जा, उलट गेलीस तर उपटून येईल. हं. तसंच.”

मुंगी खरवडत राहिली, डाव्या हाताने. ताई हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मला खोलीबाहेर घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बघितलंस? मला उलट बोलली.”

“सॉरी म्हणायला लावते तिला.”

“खुळी आहेस का? बरोबर होतं तिचं.” आणि डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. भुगा गेला म्हणाल्या. भुगा आतल्या खोलीत होता.

आसपासच्या क्लबांची स्पर्धा आमच्याच क्लबच्या पटांगणावर झाली. मुंगी पहिली आली नाही. पहिला आला तो एक उंच मुलगा, आणि तो खरोखरच चांगला होता. मुंगीचा नंबर त्याच्या बराच खाली होता. पण आमच्या क्लबच्या संघात तिच्या गुणांना सगळ्यात वरची जागा मिळाली, आणि शेवटच्या फेरीत, जेव्हा मान दमते तेव्हा, तिच्या गोळ्या एका अंगाला सरकल्या नाहीत. हे कागदावर दिसत होतं. ताईंनी तो भोकं पडलेला कागद मागून घेतला आणि उजेडासमोर धरून आम्हाला दाखवला.

हे सगळा वेळ कुंपणापाशी उभे होते. प्रत्येक आवाजाला त्यांचे डोळे मिटायचे. स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या क्लबकडून खेळणारी एक शिक्षिका आली. ती जन्माची डावखुरी, आजवर वाकड्या मानेने खेळत आलेली. तिने दस्त्यावरून हात फिरवला, पट्ट्यांच्या जोडावरच्या फिकट-गडद रेघा बघितल्या.

“कुणी बनवला हा?”

मुंगी आत्याकडे बघत होती. ताईंनी हनुवटी वर केली, आणि मला वाटलं आता दूधवाल्यापुढे चालतं ते सगळं भाषण होणार.

“खोबण माझी,” ताई म्हणाल्या. “लाकूड आणि डिंक माझ्या भावाचा. गालाची कड हिने केलीय. ती आधी बघा, ती सगळ्यात छान झालीय. आणि तुम्हाला असा हवा असेल तर माप उभं राहून घ्यायचं, खुर्चीवर बसून नाही.”

शिक्षिकेने ह्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही सुतार का?”

“नाही, बेकर,” हे म्हणाले. मग जरा छाती काढून, “पण आमच्याकडे डिंक मीच लावतो.”

सगळे पांगल्यावर बघूकाकांनी खोली उघडली. मुंगीने रायफल टेबलावर घेतली, रिकामी आहे ना ते तपासलं, बघूकाकांनी पुन्हा तपासलं, खटका काढून बाजूला ठेवला. कापडाचा तुकडा दांडीला लावून मागून घातला. पहिला तुकडा काळा निघाला. पुढचे फिकट होत गेले. शेवटचा पांढरा. मग तेलाचा हात, मग तोही पुसलेला. ताई डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या. एकदाही काही सांगावं लागलं नाही.

“बाबा, बघणार?” मुंगीने विचारलं. “मागून. उजेडाकडे धरून.”

ह्यांनी रायफलीला आजवर हात लावला नव्हता. त्यांनी हात पँटला पुसले, नळीचं टोक खिडकीकडे होतं, तिच्या मागच्या तोंडाशी वाकले आणि एक डोळा मिटून आत बघितलं. बराच वेळ तसेच होते.

“आत गोल गोल फिरत जातंय,” ते हलकेच म्हणाले. “चकचकीत. जिना असावा तसं.”

“ते सगळ्या नळ्यांत असतं,” ताई म्हणाल्या. “पण असं दिसतं ते नीट पुसलेल्या नळीतच.”

“हिने पुसलंय,” हे म्हणाले, जणू ते आम्हाला माहीत नव्हतं. मग उभे राहिले आणि मला हाताला धरून पुढे केलं. “तू पण बघ. इथून. ह्या डोळ्याने.”